शिवायला दिलेलं कापड

माझी स्मरणशक्ती तशी यथातथाच. दूध गॅसवर ठेवून मी शेजारी गप्पा मारायला जाते, चष्मा डोक्यावर चढवून तोच घरभर शोधते, आणि ह्यांच्या वाढदिवशी ह्यांनीच संध्याकाळी आठवण करून दिली की "बघत होते, तुम्ही सांगताय का" असं म्हणून वेळ मारून नेते. पण कापडाचं नाव काढा! कुठलंही कापड माझ्यासमोर धरा. ते कुणी दिलं, कधी दिलं, देताना काय म्हणाले, सगळं घडाघडा सांगते. सासर-माहेर धरून ह्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. आता सांगत नाही. का, ते ऐका.

माझ्याकडे शिलाई मशीन आहे. घरात मशीन असलेल्या बाईचं एक दुर्दैव असतं. जगातलं सगळं बेवारस कापड शेवटी तिच्या दारात येतं. नणंदबाई आल्या की पिशवीतून एक घडी काढणार आणि म्हणणार, "खास तुझ्यासाठी ठेवलं होतं गं." जाऊबाई म्हणणार, "तुला शिवायला येतं, तुझ्या हातात सोनं होईल त्याचं." माझी धाकटी बहीण तर तेवढाही त्रास घेत नाही. "तायडे, तुझ्याकडे मशीन आहे ना? मग घे," एवढंच.

आणि मी घेते! कापड बघितलं की माझा जीव विरघळतो. हात फिरवते, उजेडात धरते, वास घेते. फक्त कापायचं म्हटलं की हात धजत नाही. इतकं देखणं कापड, आणि माझ्या हातून त्याचं काही भलतंच झालं तर? म्हणून नीट घडी घालून कपाटात ठेवते. अशी वर्षानुवर्षं गेली. मशीनवर मी शिवलं काय, तर उशांचे अभ्रे. आणि ह्यांच्या पँटी आखूड केल्या.

मग एका रविवारी हे टॉर्च शोधायला त्या कपाटाकडे गेले. दार उघडलं आणि कपाट ह्यांच्या अंगावर आलं. म्हणजे कपाट जागेवरच होतं, आतलं सगळं आलं. मी धावत गेले तेव्हा ढिगातून फक्त एक हात दिसत होता आणि त्या हातात टॉर्च होता. उकरून बाहेर काढल्यावर हे शांतपणे म्हणाले, "तू ठरव. ह्या खोलीत एक तर मी राहीन, नाहीतर हे कपाट."

मी जरा विचार केला.

त्या 'जरा'वरून हे पुढचे दोन दिवस जेवताना गप्प होते. तिसऱ्या दिवशी मीच तोडगा काढला. गोधड्या! तुकडे तुकडे जोडून, रंगीबेरंगी, पायाशी घडी करून ठेवली तरी खोली उजळून निघेल अशा. एक नणंदबाईंना, एक जाऊबाईंना, एक धाकटीला. मायेनं आलेलं कापड मायेच्याच माणसांकडे परत जाईल, कपाट रिकामं होईल आणि नवरा खोलीत राहील.

आणि निमित्तही तसंच जबरदस्त होतं. माझ्या नणंदबाई आणि माझ्या मोठ्या जाऊबाई दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण शिडी. घडीची शिडी. नणंदबाईंनी ती जाऊबाईंकडून पंखा पुसायला नेली आणि परत केली, तेव्हा तिच्या एका पायाचा रबराचा बूट गायब होता. जाऊबाई म्हणाल्या, होता. नणंदबाई म्हणाल्या, नव्हताच. एवढ्यावरून दोन घरांतलं येणंजाणं बंद झालं.

येणंजाणं बंद झालं, पण सांगणं बंद झालं नाही. ते सगळं माझ्यामार्फत! "तिला सांग, आमच्याकडे पंखे न पुसता माणसं जगतात." "त्यांना सांग, मी रबराचे बूट जमवत नाही." मी एकीचा फोन ठेवायचे, त्यातले काटे काढायचे, साखर घालायचे आणि दुसरीला लावायचे. तोपर्यंत भाजी करपलेली असायची. दोन वर्षांत आमच्या घरात न करपलेली भाजी पाहुण्यांनीच खाल्ली असेल. खरं सांगू? दमले होते मी. दोघी मनानं चांगल्या. माझ्या आजारपणात एकीनं डबा पुरवला, दुसरीनं माझे केस विंचरले. दोघींवर माझा जीव, म्हणून तर मधल्या मधे माझी वाट लागली होती.

मग नणंदबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जाऊबाईंना राहवेना, त्या दवाखान्यात गेल्या. उशाशी बसल्या. दोघी रडल्या म्हणे. शिडीचा विषय कुणीच काढला नाही. आणि घरी आल्यावर नणंदबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, "चालायला लागले की आम्ही दोघी तुझ्याकडे जेवायला येतो. एकत्र." मी फोन ठेवून चक्क रडले. त्या दिवशीही भाजी करपली, पण आनंदानं.

तर ह्या जेवणाच्या दिवशी मी गोधड्या द्यायच्या असं ठरवलं. हे ऐकून ह्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, पण त्यांनीच दिलेली कापडं ना? त्यांनी जीव लावून दिलेल्या कापडाच्या चिंध्या केलेल्या दिसल्या तर? आत्ता कुठे जरा सगळं सुरळीत होतंय."

"दिसणारच नाहीत," मी म्हटलं. "नणंदबाईंनी दिलेलं कापड जाऊबाईंच्या गोधडीत. जाऊबाईंचं धाकटीच्या. धाकटीचं नणंदबाईंच्या. ज्याचं कापड त्याच्या गोधडीत जाणारच नाही. कोणतं कुणाचं, ते मला झोपेतून उठवून विचारा."

ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे माझ्याकडे कौतुकानं बघतायत असं मला वाटलं. ती काळजी होती, हे नंतर कळलं.

मग मी कामाला लागले. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक चौकोन कापला. तो कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचं आणि कापायचं. पहिल्या वेळी चारचारदा मोजलं. दुसऱ्या वेळी नाही. तिसऱ्यानंतर मला कुणी आवरेना. आयुष्यभर साठवलेला सगळा संकोच एकदम सुटला! टेबलावरच्या आच्छादनाकडे माझी नजर गेली तेव्हा ह्यांनी ते मुकाट्यानं उचललं आणि बाहेर जाऊन बसले. पुढचा आठवडाभर हे घरात वावरताना अंगातला शर्ट सांभाळून असायचे.

चौकोन जोडायचे, इस्त्री फिरवायची, ओळीला ओळ लावायची. मध्ये जुनी चादर, खाली अस्तर, आणि मग सगळ्यावर हातानं धावदोरा. सुया मोडल्या, बोटांची चाळण झाली, कंबर धरली. पण तिन्ही गोधड्या झाल्या. जमिनीवर पसरून मी त्यांच्याकडे बघत बसले, आणि मला वाटलं की आपल्या हातून काहीतरी बरं झालं. नणंदबाईंच्या गोधडीत तर मी खास जीव ओतला होता. धाकटीनं दिलेलं एक जांभळं कापड होतं, त्यावर पांढऱ्या छोट्या छोट्या छत्र्या. त्यातल्या एकाच छत्रीचा दांडा लाल होता. छापणाऱ्यानं काय गंमत केलीय बघा, असं म्हणून मी नेमका तोच चौकोन गोधडीच्या मधोमध लावला. मला माझं फार कौतुक वाटलं.

जेवणाचा दिवस उजाडला. मी आदल्या रात्रीच आमची शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. ह्यांना बजावलं, "पंखा, रबर, बूट, उंची, कुठलाच विषय काढायचा नाही." हे म्हणाले, "मग मी हवेबद्दल बोलतो." पंखा लावायला लागेल म्हणून हवेलाही मी मनाई केली.

दोघी एकाच रिक्षातून आल्या. जाऊबाईंनी नणंदबाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. मी दारात उभी राहून बघत होते, डोळे भरून आले. जेवण सुरेख झालं. भाजी करपली नाही. एकमेकींना आग्रह झाला. मग मी आत गेले आणि दोन गोधड्या आणून दोघींच्या मांडीवर ठेवल्या.

"तू केलीस?" जाऊबाईंनी विचारलं. "ह्या हातांनी?"

"अगं, काय सुंदर आहे," नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी गोधडी उलगडली, पायांवर पसरली, तळहात फिरवत फिरवत मधोमध आणला आणि तिथे थांबवला. मग चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

"ही छत्री," त्या म्हणाल्या.

"छान आहे ना?" मी म्हटलं. "छापणाऱ्यानं गंमत केलीय."

"छापणाऱ्यानं नाही. हा दांडा मी भरलाय. लाल दोऱ्यानं." त्यांनी मान वळवली. "वहिनी, हे कापड मी तुम्हाला दिलं होतं. तुमच्या पन्नाशीला. सगळ्या छत्र्यांचे दांडे भरून देणार होते, पण एकातच डोळे दुखायला लागले. म्हणून तसंच दिलं."

जाऊबाईंचं कापड धाकटीकडे कसं गेलं? मला तर ते धाकटीनं दिलं होतं! मला कुणी दिलं ते मला पक्कं माहीत होतं. देणाऱ्याला कुणी दिलं होतं, हे विचारायचं मला बापजन्मी सुचलं नव्हतं. जाऊबाई पाण्याचा पेला उचलून पाणी प्यायला लागल्या. पेला रिकामा होता, तरी पीत राहिल्या.

"वन्सं, अहो, छत्र्यांचं कापड काय, बाजारात ढिगानं मिळतं," मी म्हटलं.

"लाल दांडा भरलेलं?"

"आता मशीनवरही भरतात."

"मागून गाठ बघू का? माझी गाठ मी ओळखते."

"बघा की," मी धीर करून म्हटलं, कारण मागे अस्तर होतं. नणंदबाई अस्तराकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. आता विषय बदलायचा, एवढ्यात बेल वाजली आणि माझी धाकटी बहीण आत आली. तिला मी जेवायलाच बोलावलं होतं, पण ती कुठेही जेवण संपल्यावरच पोहोचते. तिनं चपला काढल्या, सगळ्यांकडे बघून हसली आणि नणंदबाईंच्या मांडीकडे बोट दाखवून म्हणाली,

"अरे वा, छत्र्या कामी आल्या म्हणायच्या. वहिनींनी मला दिल्या होत्या. मला जांभळा नाही आवडत, म्हणून तायडीला दिल्या. जेवायला काय आहे?"

हे गॅलरीत जाऊन उभे राहिले.

जाऊबाईंनी पेला खाली ठेवला. "वन्सं," त्या म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? मला तो डाग वाटला."

"कुठला डाग?"

"तो लाल. दांडा. मला वाटलं, काहीतरी सांडलंय. दोनदा धुतला. गेला नाही, म्हणून दिलं."

नणंदबाईंनी मान खाली घातली. बोटानं तो लाल दांडा चाचपत राहिल्या. मला दोन वर्षं डोळ्यांसमोर दिसायला लागली. पुन्हा ते फोन, पुन्हा "तिला सांग", पुन्हा ती करपलेली भाजी. आणि हे सगळं माझ्या हातानं, धावदोरा घालून! मला रडू यायला लागलं होतं. जाऊबाईंना काय करावं सुचेना. कुठेतरी बघायचं म्हणून त्यांनी आपल्या मांडीवरची गोधडी उचलली आणि तोंडासमोर धरली. मग गोधडीमागून आवाज आला.

"वन्सं."

"काय?"

"ह्या निळ्या चौकड्या." गोधडी खाली आली. जाऊबाईंचा चेहरा पार बदलला होता. "हे कापड मी तुम्हाला दिलं होतं. ह्याचंच अर्धं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे. रोज बघते मी. हे इथे कसं आलं?"

आता नणंदबाईंनी रिकामा पेला उचलला.

"दिलं मी हिला," त्या शेवटी म्हणाल्या. "घरात समोर दिसलं की तुमची आठवण यायची. म्हणून दिलं. ते शिडीच्या वेळी."

शिडी! दोन वर्षांनी तो शब्द उच्चारला गेला. गॅलरीचं दार हळूच बाहेरून लागलं. धाकटी जेवता जेवता म्हणाली, "कुठली शिडी?" मी तिच्या ताटात एकदम इतकं वाढलं की तिचं तोंड बंद झालं.

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. एकीच्या मांडीवर छत्र्या, एकीच्या मांडीवर चौकड्या. दोघींची चोरी दोघींच्या मांडीवर पसरलेली. मी मनातल्या मनात दोघींचे फोन नंबर आठवायला सुरुवात केली होती. मग नणंदबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं,

"वहिनी, पण पुढे दिलंत तेव्हा नीट घडी करून दिलंत ना?"

"म्हणजे काय? धुऊन, इस्त्री करून, नव्या पिशवीत घालून."

"मीपण. वाऱ्यावर वाळवून दिलं. उन्हात टाकलं असतं तर रंग गेला असता."

"बघा. शेवटी कापड आहे ते. आपल्याकडे नाही, तर दुसरीकडे नांदेल."

"तेच म्हणते मी. अख्खं होतं."

"अख्खंच्या अख्खं."

आणि मग दोघींनी एकाच वेळी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

"हिनं कापलं," नणंदबाई म्हणाल्या.

"चौकोन केले," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या चौकड्यांचे चौकोन. किती कापड होतं ते, आणि आता बघा."

"माझी छत्री मधूनच कापलीय बघा इथे. अर्धी ह्या तुकड्यात, अर्धी गायब."

"अहो, पण तुम्हीच दिलं होतंत ना?" मी कळवळून म्हटलं. "शिवायला म्हणून!"

"शिवायला दिलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "कापायला कुणी सांगितलं?"

ह्या दोघींना दोन वर्षांत कुठल्याही एका गोष्टीवर एकमत करायला लावणं मला जमलं नव्हतं, आणि आता माझ्यावर त्यांचं असं एकमत झालं की एक वाक्य सुरू करायची, दुसरी पुरं करायची. त्यांच्या मते दिलेलं कापड फिरत राहायला हवं. ह्या घरातून त्या घरात, त्या घरातून तिसरीकडे, आणि कधीतरी कुणाच्या तरी पसंतीस उतरेल. मी मात्र त्याचा प्रवासच संपवला. "एवढ्या घरांतून सुखरूप आलं आणि तुझ्याकडे येऊन मेलं," असंही कुणीतरी म्हणालं. बहुतेक धाकटी. तिचं जेवण झालं होतं.

जाताना जाऊबाईंनी नणंदबाईंचा हात धरला. पायऱ्या उतरताना त्या म्हणत होत्या, "जपून हो, वन्सं. त्या शिडीचं मनावर घेऊ नका. तो बूट आधीपासूनच जरा सैल होता." दोघी एकाच रिक्षात बसल्या. गोधड्या मात्र दोघींनी काखेत मारून नेल्या. पुरावा म्हणून असणार. धाकटीनंही स्वतःची उचलली. तिच्या कुत्र्याला ती फार आवडली, असा तिचा दुसऱ्या दिवशी फोन आला.

तेव्हापासून त्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. एकमेकींशी मात्र रोज बोलतात. संध्याकाळी गुडघ्यासाठी म्हणून एकत्र फिरायला जातात आणि वाटेत माझा उद्धार करतात, असं खात्रीलायकपणे कळतं. त्यांना मला जे काही सांगायचं असतं, ते ह्यांना फोन करून सांगतात. "तिला सांग, आम्ही काही डूख धरून बसलेलो नाही." "तिला सांग, कात्री जपून वापर म्हणावं." हे फोन ठेवतात, काटे काढतात, साखर घालतात आणि मग मला सांगतात. परवा असाच एक निरोप गोड करता करता ह्यांचा चहा उतू गेला. "दोन वर्षं कसं केलंस गं हे?" असं ह्यांनी विचारलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

पण खरं सांगू? वाईटही वाटलं. समेट झाला, हेच तर हवं होतं मला. आता माझी भाजी करपत नाही. फोन वाजत नाही. कपाट रिकामं आहे आणि दार उघडलं की नुसतं दार उघडतं. पण तीन गोधड्यांमध्ये मी किती टाके घातले, ते माझ्या बोटांना विचारा. छान झालीय म्हणून, ऊब आहे म्हणून, एकीनं तरी म्हणावं ना. चष्मा पुसायच्या आधी नणंदबाई एवढं म्हणाल्या होत्या, "काय सुंदर आहे." मी तेवढ्यावरच दिवस काढत होते.

काल संध्याकाळी ह्यांना फोन आला. हे बराच वेळ "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसले.

"त्या दोघी तुझ्याशी बोलत नाहीत," हे म्हणाले.

"माहितेय मला."

"पण म्हणतायत की गोधड्या जरा आखूड होतात. ओढून घेतली की पावलं उघडी पडतात आणि झोपमोड होते. दोघींचंही तेच म्हणणं आहे. तर खाली वीतभर जोड लावून मिळेल का?"

मी तोंड फिरवलं, कारण मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. म्हणजे पांघरतायत! रोज रात्री पांघरतायत, पार गळ्यापर्यंत ओढून. "मिळेल की," मी शक्य तितक्या रुक्ष आवाजात म्हटलं. "पण कापड? माझ्याकडे आता चिंधी उरलेली नाही."

"कापड त्याच देणार आहेत. दोघी मिळून दुकानात गेल्या होत्या, नवीन आणलंय. उद्या मी घेऊन येतो." हे घुटमळले. "फक्त एक आहे."

"काय?"

"त्याला कात्री लावायची नाही म्हणाल्या."

मी हो म्हणून बसले आहे.